हळदीचा डाग

लातुरात केमिस्ट्रीचा क्लास घेणाऱ्या संगमेश सरांची औशात हळद होती. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग त्यांनी साबणानं घासला, तर तो रक्तासारखा लाल झाला. नवरीचे मामा ताडकन उठले. "अपशकुन हाय. लग्न होणार न्हाई."

"मामा, साबण अल्कली असतो. अल्कली लागली की हळद लालच होते. दहावीच्या पोरालाबी ठाऊक हाय," सर घसा फोडून सांगू लागले. पण शिकलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, यावर आपल्या मांडवात पंगत बसायच्या आधीच एकमत होतं.

सरांच्या आई गौरम्मा पुढे झाल्या. त्यांनी लेकावरून लिंबू उतरवलं, चिरलं आणि डागावर पिळलं. डाग परत पिवळाधमक.

"उतरली नजर," सगळा मांडव म्हणाला.

"अहो, लिंबात आम्ल असतं..." सरांनी पुन्हा तोंड उघडलं.

मामांनी मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.



"जावईबापू, आमच्या वीरेशला नीटसाठी तुमच्या क्लासला घालणार होतो. आता तुमच्या आईकडंच घालतो."