झिपऱ्याचं पोतं

पायलनं बोट दाखवलं आणि अशी किंचाळली, की शुक्रवार पेठेतली अख्खी गल्ली दारात आली. "झिपऱ्या! आई, झिपऱ्या आला! पोतं बघ त्याचं!"

बोटासमोर होता गुरप्पा. सत्तरीचा म्हातारा, खांद्यावर पोतं, हातात स्टीलच्या वाट्यांची पिशवी. बायकांचे विंचरताना गळालेले केस घ्यायचे आणि बदल्यात वाटी, पिना, नाहीतर पोरांना फुगा द्यायचा, हा त्याचा धंदा. गल्लीतल्या बायका फणीतलं गुंतवळ महिना महिना साठवायच्या ते त्याच्यासाठीच. पण तो यायचा आडवारी, बाप्ये कामावर आणि पोरं शाळेत असताना. आज नेमका रविवार होता.

"ए म्हाताऱ्या, थांब! पोत्यात काय हाय?" पायलचा काका युवराज बनियनवरच धावला, त्याच्यामागं आणखी चौघं. चार दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता, हात नुसते शिवशिवत होते. कुणीतरी पोतं हिसकून उलटं केलं. केस पडले. काळे, पांढरे, मेंदी लावलेले, ढीगभर केस.

"आयला! बायापोरींची केसं कापलीत की रं ह्यानं!"

झालं. पुढं कोण विचारतंय? पहिली लाथ पोटात बसली, दुसरी तोंडावर. "न्हाय बाबा, बदल्यात वाट्या देतो म्या..." एवढं म्हणेपर्यंत गुरप्पाचे दोन दात रस्त्यावर पडले. युवराजनं नळाजवळचं धोपटणं उचललं आणि हाणलं. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज समोरच्या ओट्यापर्यंत गेला.

त्या ओट्यावर दिपाली उभी होती, पायलची आई. गुरप्पाची हाळी ऐकून गुंतवळाची पिशवी घेऊनच ती बाहेर आली होती. सकाळी वेणी घालताना पायल एका जागी बसेना, तेव्हा हिनंच म्हटलं होतं, "गप बस, न्हायतर झिपऱ्या येतो, केसं धरून पोत्यात घालतो. त्याच्या पोत्यात सगळी न ऐकणाऱ्या पोरींची केसं असत्यात." माहेरी, मंद्रूपला, तिच्या आईनं, केराबाईनं, हेच सांगून तिच्या वेण्या घातल्या होत्या. पंचवीस वर्षं झाली, तरी कुणाच्या खांद्यावर पोतं दिसलं की दिपालीचा हात अजून मानेमागं जायचा. झिपऱ्या जगात कुठंच नव्हता. केराबाईनं तो रचला आणि आज सकाळी दिपालीनं तो गल्लीत आणून सोडला.

तिनं तोंड उघडलं, तोच सासूनं, रंभाबाईनं, दंडाला चिमटा काढला. "गप ऱ्हा. आपला पोरगा सगळ्यांच्या म्होरं हाय. निस्तरायला तू जाणारेस का?"

दारादारांत बायका उभ्या होत्या. कुणाच्या हातात गुंतवळाची पिशवी, तर कुणी ती पदराखाली सारत होती. सगळ्यांना सगळं ठाऊक, पण एकीच्या तोंडून ब्र निघेना.

धोपटणं पुन्हा वर गेलं, तेव्हा मात्र दिपालीला राहवलं नाही. सासूचा हात झिडकारून ती गर्दीत घुसली.

"बास करा! मुडदा पाडताय का गरिबाचा? झिपऱ्याबिपऱ्या कोण न्हाय! वेणी घालताना म्या थाप मारली पोरीला, म्या! आन् ही केसं आमची हायती, घरोघरच्या बायांची. ही बघा!" तिनं पिशवी युवराजच्या तोंडावर फेकली.

युवराजच्या हातातलं धोपटणं गळालं. "वैनी, मग आदी सांगायचं की," एवढंच तो म्हणाला. बाकीचे एकेक पाऊल मागं सरले. दिपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरप्पा कसाबसा उठून बसला. एक डोळा मिटलेला, हनुवटीवरून रक्त गळतंय. आईच्या मागोमाग आलेली पायल समोर हुंदके देत होती. त्यानं चांगल्या हातानं खिसा चाचपला, फुगा काढला आणि तिच्यापुढं धरला. उभा जन्म रडक्या पोरांना फुगे देण्यात गेलेला माणूस, दुसरं काय करणार?

खरं काय ते सगळ्यांना सांगून झालं होतं, पायलला कुणी सांगितलं नव्हतं. ती मघापेक्षा मोठ्यानं किंचाळली.

कोपऱ्यावरून दहा-बारा पोरं नुकतीच धावत येत होती. त्यांनी आधीचं काहीच ऐकलं नव्हतं. त्यांना दिसला तो केसांचा ढीग, रडणारं लेकरू आणि त्याच्याकडं गेलेला रक्ताळलेला हात.

"पोरीला धरतंय! हाणा त्याला!"

दिपाली गुरप्पाच्या अंगावर आडवी पडली. पहिला दांडका तिच्या पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. "थांबा रं, माजी वैनी हाय ती!" युवराज घसा फोडून ओरडत होता, पण आता त्याचं कोण ऐकतंय?

तिच्या खालून म्हातारा कण्हत म्हणाला, "बाय, लेकराला आदी आत न्या. लई भ्यालंय त्ये."