ऑरिनची काडतुसं

एल्डननं काडतूस पुन्हा काट्यावर ठेवलं. शंकाच नको. मेहुण्यानं भरलेलं हे काडतूस त्याच्या स्वतःच्या काडतुसापेक्षा जड होतं. पेटीतली बाकीचीही तशीच.

सासरे गेले आणि त्यांची मोठी रायफल जावयाकडे आली. पोटचा मुलगा ऑरिन हात चोळत बसला. उन्हाळाभर अबोला, आणि आता एकदम हा गोडवा!

"उद्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस. बाबांच्या टेकडीवर जाऊ," पेटी देताना ऑरिन म्हणाला होता. "सगळे बार तूच काढ. ह्याच काडतुसांचे."

"सगळे? अरे, आवाजानं एल्क हरणं पळून जातील की!"

"पळू देत."

आणि हे बोलणारा ऑरिन! वापरलेल्या पुंगळ्या गवतात रांगत वेचणारा प्राणी. अर्थात एल्डनही वेचायचा. त्या रायफलीची दुकानातली काडतुसं दोघांनाही परवडत नव्हती, म्हणून शेडमधल्या एकाच बाकावर दोघं रिकाम्या पुंगळ्यांत बारूद आणि गोळी घालून आपापली काडतुसं भरत. पण दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत कुणी घालत नसे. बारूद जास्त झाली, तर रायफल तोंडावर फुटते. हा नियम एल्डनला शिकवला होता ऑरिननंच.

स्वयंपाकघरात डार्ला भावाशी फोनवर कुजबुजत होती. नवरा दिसताच तिनं फोन ठेवला.

"ऑरिन भरत होता तेव्हा तू होतीस शेडमध्ये?"

"होते." ती ओटा पुसत राहिली. "किती चौकशा करतोस! घाल ना मुकाट्यानं."

"आणि माझे डोळे गेले तर?"

"काहीतरीच बोलू नकोस. माझ्यासाठी एवढं कर." तिचा आवाज कापत होता.

म्हणजे बायकोही सामील.

एल्डननं शेडमध्ये जाऊन सगळी काडतुसं उघडली. गोळीखालून करडा, खरखरीत चुरा निघाला. मग कापसाचा बोळा, मग नेहमीची बारूद. बारूद मागच्या अंगणात भुरकन जळाली. चुरा मात्र काड्यांवर काड्या लावल्या तरी पेटेना. हा काय प्रकार? अनोळखी माल ठेवायचा नाही, हाही नियमच. त्यानं तो खुराड्यामागे कोंबड्यांच्या घाणीवर भिरकावला. मग त्याच पुंगळ्यांत आपली मोजलेली बारूद भरली, गोळ्या बसवल्या आणि पेटी होती तशी ठेवली. बघूच उद्या, कुणाची तोंडं कशी पडतात ते.

सकाळी टेकडीवर डार्ला आणि ऑरिनसमोर त्यानं एकामागून एक सगळे बार काढले. रायफल शाबूत, डोळे शाबूत. तो विजयी मुद्रेनं वळला.

ऑरिननं टोपी काढून छातीशी धरली होती. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतं, तर तू नियमावर अडला असतास. पण त्यांची इच्छा होती, तुझ्याच हातून व्हावं."

डार्लानं एल्डनचा हात घट्ट धरला आणि समोरच्या दरीकडे बघत हलकेच म्हणाली, "जा हं बाबा, आता मोकळे झालात. मूठभरच राख ठेवली होती तुमची, तीही आज तुमच्या टेकडीला दिली."