डावीकडची वाट

"डावीकडे नाही. उजवीकडून ने," युनिव्हर्सिटीच्या प्रवेश विभागातल्या पेनीने इंग्रजीत बजावलं.

स्वरालीने पालकांचा घोळका उजवीकडे वळवला. डावीकडे कालव्याची वाट. ओपन डेला, पालक युनिव्हर्सिटी बघायला येतात तेव्हा, ती दाखवायची नाही, असं ठरलेलं.

लंडनच्या स्टॅनमोरहून आलेल्या जयंतकाकांनी तिच्या छातीवरचा स्टुडंट गाइडचा बॅज वाचला.

"स्वराली! म्हणजे आपल्यातलीच की. कुठली गं तू?"

"नागपूरची, काका."

"मग आता खरं सांग. तुमची वेबसाइट वाचली मी. लैंगिक छळाबद्दल नव्या नियमाप्रमाणे सगळं टाकलंय. तक्रार कुठे करायची, कोणाला भेटायचं. पण इथे घडलं काय, ते कुठेच नाही. आमच्या मायराला कालव्याकडच्या हॉस्टेलमध्ये रूम देतायत. ठेवू का पोरीला?"

पेनी जवळ आली. "काय विचारतायत?"

"जेवणाचं," स्वराली म्हणाली.

हसत.

मग मराठीत, "काका, तुम्हीही हसा. तिला आपली भाषा कळत नाही."

काका हसले.

"त्या वाटेवर मार्चमध्ये दोघांनी एका मुलीला झाडीत ओढलं. दोघंही इथलेच विद्यार्थी. तिने तक्रार केली. चौकशी होईपर्यंत कुठे बोलू नकोस, युनिव्हर्सिटीवाले म्हणाले."

हसत. हात लांब करून, कँटीनकडे बोट दाखवत.

"झाली चौकशी?"

"चालू आहे. ते दोघं रोज दिसतात. काका, हसा ना."

काकांना हसू जमेना.

मायरा इतका वेळ फोनमध्ये होती. इथेच जन्मलेली, मराठी मोडकं. तिने मान वर केली.

"ताई, तो मुलगी... आता कुठे असतो?"

स्वरालीने तिच्याकडे पाहिलं. हसणं तसंच. कँटीनकडे केलेला हात मात्र स्वतःच्याच छातीवरच्या बॅजवर येऊन थांबला.

मायराने तो हलकेच खाली घेतला. धरून ठेवला.

"मग? पटलं का जेवण?" पेनीने मायराला विचारलं.

"जेवण मस्त आहे म्हणते ही," मायरा इंग्रजीत म्हणाली. मग आवाज चढवून, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा, "पण आम्हाला ती डावीकडची वाट बघायचीय. तिथून का नेत नाही?"

सगळा घोळका डावीकडे वळला. पेनीसुद्धा.

आता स्वरालीकडे कोणी बघत नव्हतं. तिने ओठ मिटले.