सिग्नेचं कापडाचं कपाट

"हे फ्लॅनेल कुणाला?" इल्वानं आईला विचारलं.

"राहू दे. त्याचा गाउन होईल."

"कधी?"

सिग्नेनं कापडावरून एकदा हात फिरवला. फ्लॅनेल चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानासाठी ठेवलेल्या खोक्यात गेलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. सिग्नेनं आयुष्यभर जमवलेलं कापड पुठ्ठ्यांवर गुंडाळून, रंगांप्रमाणे लावून ठेवलं होतं. वर लिनन, मध्ये सुती, तळाला लोकर, आणि कसर लागू नये म्हणून मधेमधे देवदाराचे गोळे. सगळं इतकं नीट, की त्यातलं काही काढून शिवायला घेणं तिच्या जिवावर यायचं.

आता मुलगी ते उपसत होती. त्यांच्या गावात म्हाताऱ्यांनी मरण्याआधी आपलं घर आपणच आवरायचं असतं. तुम्ही मेलात तर लोक समजून घेतात. पसारा मागे ठेवलात, तर दफनानंतरच्या कॉफीला दुसरा विषय निघत नाही. सिग्ने त्र्याऐंशीची होती. रोज बंदरापर्यंत चालत जाऊन यायची. तिला इतक्यात कुठं जायचं नव्हतं.

"शेजारच्या बेरितनं नव्वदीत सुरुवात केली," ती म्हणाली.

"बेरितला तीन मुलगे आहेत."

"आणि मला तू एकटी. म्हणून ही घाई?"

"म्हणूनच," इल्वा म्हणाली आणि स्टुलावर बसली. आज ती सारखी बसत होती. यासाठी तिनं कामावरून लांबलचक रजा काढली होती. आईला मार्गी लावायला मुलगी रजा काढते, याचं कौतुक करावं की रडावं, हे सिग्नेला ठरवता येईना.

तळातली निळी लोकर तिनं पोटाशी धरली. "ही मी देणार नाही. ही तुझी. येत्या हिवाळ्याला कोट शिवते तुला."

"मला नको, आई."

"रंग आवडला नाही?"

"रंग छान आहे. बेरितच्या नातीला दे."

कापड गेलं, ठीक. गाउन, पडदे, न शिवलेली बाळंतविड्याची सगळी कापडं गेली, तेही ठीक. पण आईच्या हातचा कोटही नको? पोरीनं आपल्याला केव्हाच पुरून टाकलंय, आता फक्त सामान हलवायचं बाकी आहे, असं सिग्नेला वाटलं. तिनं लोकर स्वतःच खोक्यात टाकली. भांडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

कपाट रिकामं झालं. इल्वानं फळ्या पुसल्या, मधे दोनदा दम खाल्ला.

"कॉफी तशीच गार झाली तुझी," सिग्ने म्हणाली.

"घशाखाली जात नाही हल्ली."

"बरं. झालं समाधान? आता मरू का मी सुखानं?"

"इतक्यात नको," इल्वा म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुझं आधी उरकून घेतलं, नंतर कुणी केलं नसतं. उद्या माझ्याकडे ये. माझं घर जूनच्या आत आवरायचंय, आणि माझ्यामागे तू एकटीच राहणार आहेस."