चिंगीचं पथ्य

श्रावणात मांजराचे दात दुखण्यात फायदा कोणाचा, हा हिशेब दर्शनाने पहिल्याच दिवशी मांडला आणि उत्तर नवऱ्यावर येऊन थांबलं. मासळीवाचून हितेंद्रला घास उतरत नसे, आणि सासूबाईंचा श्रावण म्हणजे सगळ्या भोईवाड्यात दाखला देण्याइतका कडक. नेमके तेव्हाच डॉक्टरांनी चिंगीचे दोन किडके दात काढले आणि महिनाभर काटे काढलेला, बिनमिठाचा उकडलेला बांगडा द्यायला सांगितलं. मुक्या जिवासाठी सासूबाईंनी परवानगी दिली. पण गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या टोपात.

गॅलरीतली ताटली रोज चाटूनपुसून रिकामी व्हायची. चिंगी मात्र वाळत चालली. पंधराव्या दिवशी तिच्या फासळ्या हाताला लागल्या, तेव्हा दर्शनाने हितेंद्रला धरलं.

"खरं सांग, हिचं कोण खातं?"

"शपथ गं. मी तर श्रावण संपायचे दिवस मोजतोय."

"आजारी मांजराच्या तोंडचा घास काढतोस, मेल्या?" आतून सासूबाई कडाडल्या. "दर्शना, आठवडाभर याला नुसती पेज वाढ."

हितेंद्रने मुकाट्याने पेज खाल्ली. ताटली रिकामी होतच राहिली, आणि चिंगी वाळतच राहिली.

श्रावणी सोमवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाने गॅलरीतली शेगडी पेटवली.



जपमाळ ओढता ओढता सासूबाई म्हणाल्या, "आज चिंगीच्या बांगड्यात चार तिरफळं टाक गो. काल अगदीच सपक झाला होता."