हाताला लागणारा जोड
ओट्याच्या दोन फरश्यांमधला जोड भरून झाल्यावर मिस्त्री ऐटीत म्हणाला, “काकू, नख फिरवून बघा. जोड हाताला लागला तर नाव बदलीन!” काकूंची बोटं भिंतीपासून सरकत निघाली ती थेट शेगडीसाठी कापलेल्या भोकात गेली. त्यांचा चेहरा उतरला. “जुन्या ओट्याचा जोड बोटांना लागायचा. तिथून वीतभर पुढे शेगडी, हे ठरलेलं. मला आता अंधुकच दिसतं रे. सूनबाईला सांगू नकोस, स्वयंपाकघरातून उठवेल मला.” मिस्त्रीने एकदा आपल्या कामाकडे पाहिलं. मग लेप सुकायच्या आत जोड उकलून त्याने एक फरशी केसभर उंच बसवली. संध्याकाळी कामावरून आलेली सूनबाई ओट्यावरून हात फिरवताच वैतागली. “अहो, इथं नख अडकतंय! वीस वर्षांचा अनुभव म्हणे!” मिस्त्रीने मान खाली घातली. “माफ करा, ताई. हल्ली माझी नजर अधू झालीय.”