रक्तातला आकडा

"स्कॅन स्वच्छ आहे," डॉक्टर मेंग म्हणाले. "दुर्बिणीतही काही दिसलं नाही."

ओकनिमने नवऱ्याचा हात घट्ट दाबला.

"पण रक्तातला कॅन्सर दाखवणारा आकडा चढतोय, बाबा. मागच्या वेळी थोडा होता, आता तिप्पट झालाय. आजार परतलाय, असंच धरावं लागेल. कुठे आहे, ते कळत नाही."

"एवढी मोठी मशिनं ठेवलीत आणि कळत नाही?" ओकनिम उसळली.

"अगं, थांब." प्यो दोकसू खुर्चीत पुढे सरकला. "मग आता कापायचं काय?"

"दिसत नाही ते कापता येत नाही. औषधही आत्ताच देण्यात अर्थ नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

"म्हणजे तो दिसण्याएवढा मोठा होईपर्यंत थांबायचं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हो."

दोकसू म्हणाला, "आमची समुद्री शेवाळाची शेती आहे, साहेब. या महिन्यात बी लावलेले दोर पाण्यात सोडायचे. पीक वसंतात निघतं. सोडू ना?"

"सोडा की."

"आणि काढायला?"

डॉक्टरांनी दोन महिन्यांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली.

गावी, वांदोला, जाणाऱ्या बसला अजून वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर ओकनिमने डबा उघडला. शिंपल्यांचं मांस घातलेली भाताची पेज. ऑपरेशनमध्ये जठर काढून टाकल्यापासून दोकसूला भूक अशी लागलीच नव्हती. घड्याळ बघून ती समोर बसायची, दटावायची, चमचा पुढे करायची. कधी कधी त्यावरून शेजारी ऐकतील असं भांडण व्हायचं.

आज त्याने डबा तिच्या हातातून स्वतःच घेतला.

"सावकाश खा. नाहीतर घाम फुटतो तुम्हाला."

तो खात राहिला. घाम फुटला नाही. पोटात कळही आली नाही. हातापायांत ताकद होती, चेहऱ्यावर रंग होता. समोरून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईने मान लववून म्हटलंसुद्धा, "तब्येत छान सुधारली हो!"

"आहे खरी," दोकसू म्हणाला.

डबा संपला. त्याने चमचा चाटला आणि बायकोकडे बघितलं. "अगं, भूक लागलीय मला. खरीखुरी. अजून आहे?"

ओकनिमने डबा मांडीवर घेतला आणि मान वर न करता ती त्याचे रिकामे कोपरे चमच्याने खरवडत राहिली.